मोंडो ग्रासचे गड्डे फोडून लावायचे कसे

आंब्याखाली लॉन येत नाही हे दोनदा पैसे घालवून कळलं मला, सावलीत दुर्वा पण विरळ होतात. तिथे मोंडो ग्रास (गवतासारख्या बारीक पानांचं शोभेचं झाड) मस्त चालतं, फक्त पसरतं फार हळू, त्यामुळे नर्सरीतून ढीगभर पिशव्या आणण्यापेक्षा आहे तेच गड्डे, म्हणजे झुपके, फोडून वाढवा.

वेळ म्हणजे मृगाचे एकदोन पाऊस पडून गेले की लगेच. एप्रिल-मे मध्ये हात लावू नका, मरत नाही पण महिनाभर रुसून बसतं.

आदल्या दिवशी सकाळी पाणी द्या. मग खुरप्याने गड्ड्याच्या चारही बाजूंनी थोडं लांबून खोल खणायचं आणि अख्खा गड्डा उचलायचा, पानं धरून ओढायचं नाही, हातात नुसती पानंच येतात. माती झटकून बादलीत बुचकळलं की मुळांची गुंतवळ सैल होते, मुळांना शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी दिसतील, तो रोग नाही, त्या राहू द्या.

आता फोडणं. शक्यतो हातानेच, अंगठ्यांनी मधून उकलायचं, जुना गड्डा ऐकत नसेल तर सरळ सुरी. एका तुकड्यात ३-४ फुटवे आणि त्यांची स्वतःची मुळं हवीत. मी पहिल्या वर्षी हावरटपणा करून एकेक फुटवा लावला, दिवाळी आली तरी तेवढेच्या तेवढे! मधला वाळलेला भाग टाकून द्या आणि पानं अर्धी कापा, बिचारं वाटतं पण तगतं.

लावताना ४ ते ६ इंच अंतर. मातीत थोडं कुजलेलं शेणखत, ताजं नको. सगळ्यात जास्त चुकतं ते इथे, पानं आणि मुळं जुळतात तो पांढरट भाग मातीच्या बरोबरीने राहिला पाहिजे, खोल गाडला तर पावसात कुजतो आणि आपण नर्सरीवाल्याला शिव्या घालतो. भोवतीची माती बोटांनी दाबा, पाऊस नसेल तर पंधरा दिवस रोज थोडं पाणी.

वेडेलिया (जमिनीवर पसरणारी पिवळ्या फुलांची वेल) असेल तर एवढा खटाटोप लागतच नाही, पेराला पेराला मुळं फुटतात, तोडलं खोचलं झालं. पण छाटलेलं नाल्याकडेला फेकू नका, जिथे पडेल तिथे रुजतं, माझ्या कंपाउंडबाहेर अजून उपटतोय.