बडोद्याहून नाशिकच्या वायनऱ्या : आपली आपण आखायची घाटावरची फेरी

नाशिकच्या वायनऱ्या बघायला बडोद्याहून निघणाऱ्यावर मुंबई-पुणेकरांपेक्षा एक बंधन जास्त असतं. तिथे जे प्यायचं ते तिथेच संपवायचं. गुजरातेत नशाबंदी असल्यामुळे गाडीच्या डिकीत खोकं टाकून घरी आणायची सोय नाही. त्यामुळे मुंबईकरांसाठी केलेले ‘एका दिवसात पाच वायनऱ्या’ छापाचे बेत आपल्या कामाचे नाहीत. आपल्याला तीन रात्री, तीन-चार वायनऱ्या आणि दुपारची झोप असा बेत हवा. कमी ठिकाणं नीट बघितली तर चवीतला फरकही लक्षात राहतो.

१. आधी तारीख ठरवा

युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात, नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये. इथे बर्फ पडत नाही, वेल आपणहून झोपत नाही, म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यातून नवी काडी तयार होते आणि काडीत घडाचे डोळे धरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते आणि तिच्यावर माल धरतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. थंडीतले उबदार दिवस आणि गार रात्री यांमुळे द्राक्षात साखर भरते, पण आंबटपणा उडून जात नाही.

फसफसणाऱ्या वाईनची द्राक्षं सगळ्यांत आधी तोडतात, कारण त्यांत साखर कमी आणि आंबटपणा जास्त हवा असतो. मग पांढरी आणि शेवटी काबर्ने, शिराझसारखी काळी जात. म्हणून तोडणी आणि गाळप दोन्ही बघायचं तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सर्वांत भरवशाचा. उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) सुट्टीत गेलात तर हंगाम नुकताच सुरू झालेला असतो. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतात, पण वेलीवर फक्त पानं असतात आणि टाक्या शांत असतात.

सुट्टी जोडताना बडोदेकर हमखास फसतात तो २६ जानेवारीला. त्या दिवशी महाराष्ट्रात ड्राय डे असतो. बाग बघता येईल, पण टेस्टिंग बंद. महाराष्ट्रात निवडणूक असेल तर मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तासही तसेच कोरडे. शनिवार-रविवार टाळा, त्या दोन दिवसांत मुंबईची गर्दी लोटते. मंगळवार ते गुरुवार गेलात तर टेस्टिंगच्या टेबलामागचा माणूस दोन प्रश्नांना नीट उत्तर देतो. सुला या वायनरीचा सुलाफेस्ट हा संगीत-महोत्सव फेब्रुवारीत असेल तर त्या आठवड्यात खोलीच मिळत नाही, तेव्हा त्याची तारीख बघून मगच आरक्षण करा. २०२७च्या पावसाळ्यात नाशिकला सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत, त्या काळात या फेरीचा विचारच नको.

२. पट्टा निवडा, यादी करू नका

वायनऱ्या शहराभोवती तीन दिशांना विखुरल्या आहेत. एका दिवसात एकच दिशा धरायची.

गंगापूर-सावरगाव रस्त्याचा पट्टा पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी. सुला, यॉर्क आणि सोमा व्हाइन व्हिलेज, तिन्ही याच बाजूला, एकमेकांपासून थोड्या अंतरावर. सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली आणि तिथली टेस्टिंग रूम २००५ची. गर्दी सर्वांत जास्त इथेच, पण फेरी नीट आखलेली असते, म्हणून सुरुवातीला बघावी. यॉर्क २०२१पासून सुलाच्या मालकीची आहे. लहान आहे, आणि समोर गंगापूर धरणाचं पाणी दिसतं. संध्याकाळ इथे घालवावी.

इगतपुरी तालुक्यातल्या संजेगाव-कावनईच्या बाजूला ग्रोव्हर झाम्पा आणि व्हालोने. हा खरा डोंगरातला पट्टा. सह्याद्रीची रांग जवळ, मुकणे धरणाचं पाणी आणि माणसं कमी. ज्यांना वाईनमध्ये खरोखर रस आहे त्यांनी एक पूर्ण दिवस इकडे द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसरा पट्टा दिंडोरीचा. फसफसणाऱ्या वाईनसाठी शांदोन तिथे आहे. सापुताऱ्याहून येताना दिंडोरी वाटेवरच लागतं, पण आधी वेळ ठरवल्याशिवाय फाटकाशी जाऊन उभं राहू नये.

तिन्हीकडे निघण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा : फेरीच्या वेळा, टेस्टिंगमध्ये किती वाईन, गाळप चालू आहे का, आणि शेवटची फेरी किती वाजता. ‘उघडं आहे का’ एवढंच विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं आणि पोहोचल्यावर कळतं की फक्त उपाहारगृह उघडं आहे.

३. रस्ता

बडोदं-भरूच-कामरेज-चिखली, तिथून डावीकडे वांसदा-वघई-सापुतारा आणि पुढे वणी-दिंडोरी-नाशिक. एकूण चारशेच्या आसपास किलोमीटर. पहाटे पाचला निघालं तर थांबत-थांबत दुपारी दोन-तीनपर्यंत पोहोचता येतं. महामार्गाचा भाग भराभर जातो, वघईनंतर वेग उतरतो. पेट्रोल घाटाआधीच भरून घ्या. ज्यांना वळणांनी मळमळतं त्यांनी वघईला जड नाश्ता करू नये.

वणीला सप्तशृंगीचं दर्शन घ्यायचं असेल तर ते जातानाच घ्या. नांदुरीहून गडावर जायला-यायला तीनेक तास धरा. परतीच्या दिवशी ठेवलं तर घाईत राहून जातं. पहिल्या दिवशी टेस्टिंग नको. नऊ तास गाडीत बसलेल्या माणसाला तहान लागलेली असते, आणि तहान लागली असताना वाईन चाखली जात नाही, प्यायली जाते.

४. गाडी कोण चालवणार

हा प्रश्न बडोद्यातच सोडवा. टेस्टिंगचा एक पेला साधारण ३० मिलिलिटरचा. पाच प्रकार चाखले की १५० मिलिलिटर, म्हणजे एक भरलेला ग्लास. १३ टक्क्यांच्या वाईनचा असा ग्लास म्हणजे साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल. शरीर तासाला सात ते दहा ग्रॅम निकालात काढतं. म्हणजे एका वायनरीचा हिशेब फिटायला दोन तास लागतात, आणि एका दिवसात तीन वायनऱ्या केल्या तर पाच-सहा. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

उपाय तीन. न पिणारा चालक बरोबर असणं, नाशिकमध्ये दिवसभरासाठी गाडी-चालक घेणं, किंवा वायनरीच्या आवारातच राहणं. सुला आणि सोमाकडे राहायची सोय आहे. तिसरा उपाय महाग, पण सर्वांत निवांत. स्थानिक गाडी घ्यायची तर परतीचा चालक आधीच ठरवून ठेवा. संध्याकाळी सातनंतर या रस्त्यांवर ॲपवरून गाडी मिळेल या भरवशावर राहू नका.

महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट २१ वर्षं. आधार किंवा लायसन्स प्रत्येकाने जवळ ठेवावं. मुलांना फेरी करता येते, पेला मिळत नाही.

५. वायनरीत काय बघायचं

माहिती देणारा पाठ केलेलं बोलतो. त्याला थांबवून नेमकं विचारलं की खरी फेरी सुरू होते. तीन प्रश्न पुरतात : या टाकीतली द्राक्षं कोणत्या तारखेला तोडली, तेव्हा ब्रिक्स किती होतं, आणि आत्ता टाकीचं तापमान किती आहे.

ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. नेहमीच्या वाईनसाठी ते साधारण २२ ते २४च्या दरम्यान बघतात. पांढऱ्या वाईनचा रस आधी दाबून वेगळा काढतात आणि मग १२ ते १६ अंशांवर आंबवतात, म्हणजे वास टिकतो. लाल वाईन सालीसकट, जरा उबेत, २४ ते २८ अंशांवर आंबते. का, ते हातावर बघता येतं. तोडणीच्या दिवसांत शिराझचा एक मणी मागून घ्या आणि चिमटीत दाबा. रस जवळजवळ बिनरंगी निघतो, आत दोन-तीन बिया, गर थोडा. आता तीच साल बोटांत चोळा. बोटं जांभळी होतात आणि डाग लवकर जात नाही. सगळा रंग सालीत असतो. बाजारातल्या बिनबियांच्या थॉमसनपेक्षा हा मणी किती लहान आणि जाड सालीचा आहे तेही तेव्हाच कळतं.

मणी मागून घ्यावा, स्वतः तोडू नये. बागेत फवारणी कधी झाली हे आपल्याला ठाऊक नसतं. आंबवण चालू असलेल्या टाकीच्या झाकणात वाकून वास घेऊ नका. तिथे कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो आणि एका श्वासात भोवळ येते.

६. चाखायची पद्धत

सकाळी साडेदहा-अकराची वेळ जिभेला उत्तम. त्या दिवशी अत्तर, डिओ, सुगंधी तेल नको. वेलची, बडीशेप, पानमसाला तासभर आधी बंद. नाशिकची झणझणीत मिसळ टेस्टिंगच्या आधी खाऊ नका, नंतर जरूर खा. तिखटाने जीभ बधिर झाली की लाल वाईन नुसती कडवट आणि जळजळीत लागते. पण रिकाम्या पोटीही बसू नये. पोहे किंवा उपमा पुरे.

क्रम असा : फसफसणारी, मग कोरडी (गोडी नसलेली) पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, हलकी लाल, भारी लाल आणि गोड सर्वांत शेवटी. गोड आधी घेतली की तिच्यानंतरची प्रत्येक वाईन आंबट लागते.

पेला दांड्याला धरा, नाहीतर हाताच्या उबेने वाईन तापते. पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघा. न हलवता एकदा वास, मग गोल फिरवून पुन्हा एकदा. छोटा घोट तोंडात पाच-सहा सेकंद फिरवा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर तो आंबटपणा, हिरड्या कच्च्या सुपारीसारख्या आखडल्या तर ते टॅनिन, म्हणजे साल-बियांतलं तुरट द्रव्य. मग थुंका. थुंकायचं भांडं टेबलावर नसेल तर मागून घ्या. यात काही असभ्य नाही, जाणकार तेच करतात. दोन पेल्यांमध्ये साधं पाणी आणि ब्रेडचा तुकडा.

वाईन बिघडलेली वाटली तर सांगा. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास बुचाच्या दोषाने येतो. काप करून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आणि मळकट रंग म्हणजे बाटली उघडून बराच वेळ झाला. शिरक्याचा वास ओळखायला शिकवावं लागत नाही. गर्दी नसलेल्या दिवशी दुसरी तक्रार जास्त खरी ठरते, कारण बाटली कालची असते. ‘नवीन उघडून द्याल का’ एवढं विचारलं की बहुतेक ठिकाणी देतात.

नोंद तीन शब्दांत करा : नाव, आंबट की मऊ, पुन्हा घ्याल का. तिसऱ्या पेल्यानंतरची स्मृती भरवशाची नसते.

७. एकच बाटली, रात्रीसाठी

दिवसभरात जी सर्वांत आवडली ती एक बाटली खोलीवर न्या. ७५० मिलिलिटर म्हणजे १५० मिलिलिटरचे पाच ग्लास, चौघांना रास्त. बिल जपून ठेवा. पांढरी आठ-दहा अंशांवर थंड हवी, त्यासाठी फ्रीजमध्ये दोन-तीन तास पुरतात. लाल वाईनही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा; खोलीच्या तापमानाला प्यायची हे थंड देशांतलं शास्त्र आहे, आपल्याकडच्या तीस अंशांवर ती नुसती स्पिरिटसारखी नाकात जाते. दुपारी बाटली बंद गाडीत राहू देऊ नका, तासाभरात वाईन शिजते.

बरोबर बडोद्याचा लीलो चेवडो असेल तर शेनँ ब्लाँ या पांढऱ्या वाईनची किंचित गोडसर बाटली घ्या. चेवड्यातला गोड-आंबटपणा आणि तळलेपण तिच्याशी जमतं. काबर्नेबरोबर तोच चेवडा वाया जातो. वायनरीच्या उपाहारगृहात बाहेरचं खाणं चालत नाही, डबा खोलीवरच उघडा.

८. परतीचा दिवस

शेवटचा घोट आदल्या संध्याकाळी. परतीच्या दिवशी सकाळी ‘जाता-जाता एक’ अजिबात नको. गुजरातच्या नशाबंदी कायद्यात मद्य जवळ बाळगणं, नेणं आणि पिणं हे तिन्ही गुन्हे आहेत. २०१७च्या दुरुस्तीनंतर मद्य वाहून नेण्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड इतकी वाढली आहे. एकच बाटली आहे, बिल आहे, भेट आहे, घरच्या वापराची आहे, यातलं काहीही नाक्यावर चालत नाही. हेल्थ परमिट (प्रकृतीच्या कारणावरून मद्य घेण्याचा सरकारी परवाना) असलं तरी ते गुजरातमधल्या परवानाधारक दुकानातून घेण्यासाठी आहे, बाहेरून आणण्यासाठी नाही.

निघण्यापूर्वी डिकी, सीटखालची जागा, मुलांच्या बॅगा आणि थर्मास स्वतः तपासा. अर्धी उरलेली बाटली बहुधा यांतच कुठेतरी सापडते, आणि ती कुणी ठेवली ते कुणालाच आठवत नाही. उरलेली वाईन हॉटेलच्या मोरीत ओतून द्या. शोभेसाठी रिकामी बाटली आणायचाही मोह नको. वास राहिला तर तपासणी लांबते. पेले, बुचं आणि मनुका खुशाल आणा.

सापुताऱ्याच्या नाक्यावर गाडी थांबवली तर डिकी स्वतःहून उघडून दाखवा. इगतपुरीच्या बाजूने परतत असाल तर पुन्हा सापुतारा गाठण्यापेक्षा नाशिक-पेठ-कपराडामार्गे वापीला उतरून महामार्ग धरणं सोयीचं. घाट दोन्हीकडे आहेत, आणि या वाटेवरही नाका असतोच. अंधारात गाडी हाकावी लागू नये म्हणून नाशिक सकाळी नऊच्या आत सोडा.