दुपारची झोप: या चुका टाळा

गोव्यातल्या फोंड्यात पाळणाघर चालवते, त्यामुळे एक तक्रार वारंवार ऐकावी लागते: "घरी हा दुपारचा झोपतच नाही हो, तुमच्याकडे कसा झोपतो?" मूल तेच, दुपारही तीच. चुका मोठ्या माणसांच्या असतात, आणि बहुतेक घरांत सारख्याच.

'दमू दे, आपोआप झोपेल'

ही सगळ्यांत मोठी चूक. झोपेची वेळ टळली की मुलाच्या अंगात जागं ठेवणारी संप्रेरकं वाढतात, कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन. मग ते मलूल होण्याऐवजी उधळतं. पलंगावरून उड्या मारतं, चावतं, वाटी उपडी करतं. आईला वाटतं, अजून बराच दम शिल्लक आहे, आणखी खेळू दे. इथेच दुपार हातची जाते.

दीड-दोन वर्षांचं, सकाळी सातला उठलेलं मूल बारा-साडेबाराला डोळे चोळू लागतं, कान ओढतं, अंगावर रेलतं. तीच वेळ. आपल्याकडे मासळी येऊन, तळून, ताटं मांडेपर्यंत दीड वाजतो आणि मुलाला सगळ्यांबरोबर बसवायचा हट्ट असतो. कशासाठी? त्याला बाराला मऊ भात, वरण, तूप भरवा आणि आडवं करा. मोठ्यांची पंगत नंतर बसू दे.

1 ते 2 वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते, 3 ते 5 वर्षांच्या मुलाला 10 ते 13. रात्री अकरा तास झोपलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाकडून दुपारी तीन तासांची अपेक्षा धरणंही चूकच.

स्कूटरवरून फेरी

हा शॉर्टकट मला अजिबात सहन होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचे बाबा सुट्टीच्या दुपारी त्याला स्कूटरवर पुढे उभं करून फर्मागुडीच्या चढावर न्यायचे. वारा लागला की पोर हँडलवर डोकं टेकून झोपायचं. किती सोपं, म्हणून ते इतरांनाही सांगायचे. एकदा पावसात वळणावर गुरं आडवी आली आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला. स्कूटर पडली नाही, पण पोराचं तोंड हँडलवर आपटलं. ओठाला टाके पडले, पुढचा दात हलला. जागं मूल निदान हात घट्ट धरतं; झोपलेल्याचं अंग सैल असतं, त्याला सावरता येत नाही.

15 फेब्रुवारी 2023 पासून केंद्राचा नियमच आहे: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. तोही प्रवासासाठी, झोपवण्यासाठी नव्हे.

त्या मुलाची सवय मोडायला वेळ लागला. रोज तीच चटई, तीच चादर, पंखा, पाठीवर थोपटणं. सुरुवातीला तो खूप रडला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची आजी म्हणाली, "बाय, सोड गो, नाही झोपत तर राहू दे." एका दिवसात फळ हवं असणाऱ्यांना मी हेच सांगते: आठवडाभर तरी काहीही बदलू नका.

भलतीकडे झोपलं तर

मुलं बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, बाकावर झोपतात, टेबलाखाली झोपतात, जत्रेत नाटकाच्या भोंग्यासमोर चटईवर गाढ झोपतात. त्याची काळजी नको. काळजी करायची ती नंतर त्यांना तिथेच सोडण्याची. सोफ्याच्या खाचेत लहानग्याचं नाक दबतं. गाडीतल्या कारसीटमध्ये झोपलं तर घरी पोचताच उचलून सपाट जागी ठेवा, कारण मान पुढे झुकून हनुवटी छातीला टेकली की लहान बाळाचा श्वास कोंडतो. आणि 'झोपमोड नको' म्हणून बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका. उन्हात ती दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी तापते.

खोकल्याचं औषध

'थोडं दिलं की छान झोपतो' असं कुणी सांगितलं की माझा संताप होतो. ती झोप नव्हे, गुंगी आहे. अशा औषधांत बऱ्याचदा असणाऱ्या क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनच्या मिश्रणाबद्दल डिसेंबर 2023 मध्ये औषध महानियंत्रकांनीच बजावलंय, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये.

दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, दात किडतात.

घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता नको. भांड्यांच्या आवाजात झोपायची सवय बरी.

साडेतीननंतर उठवाच. संध्याकाळी पदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजेपर्यंत लोळू दिलं, तर रात्री अकरापर्यंत जागरण ठरलेलं.

साडेतीन-चार वर्षांचं मूल दुपारी खरंच झोपत नसेल तर जबरदस्ती करू नका, अर्धा तास पुस्तक घेऊन आडवं राहू दे. पण मूल रोज घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडकल्यासारखा थांबत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवा.