अ‍ॅनिमेशनमधली गाणी माणसांच्या तोंडी देताना या चुका टाळा

अ‍ॅनिमेशनपटातले गाणे जितके चालीवर उभे असते तितकेच ते रेखाटलेल्या चेहऱ्यावर उभे असते, आणि खऱ्या किंवा खऱ्यासारख्या दिसणाऱ्या पात्रांच्या नव्या आवृत्तीत सर्वांत आधी हरवतो तो हा चेहरा. १९९४च्या ‘द लायन किंग’मध्ये सिंहाच्या भुवया माणसासारख्या चढतात, ओठ सुरासोबत ताणले जातात, त्यामुळे तो गातो आहे हे आपण सहज मान्य करतो. २०१९च्या आवृत्तीत संगणकाने घडवलेला सिंह इतका खरा आहे की जबडा हलला तरी चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. त्यातच, ज्या प्रेमगीताच्या शब्दांत ‘आजची रात्र’ आहे, ते बहुतांशी लख्ख उजेडात चित्रित झाले आहे. मला ही चूक सर्वांत मोठी वाटते, कारण ती तंत्र कमी पडल्यामुळे झालेली नाही. खरेपणाच्या हट्टापायी झाली आहे. चेहरा गप्प होणार असेल, तर त्याचे काम प्रकाशाने, कॅमेऱ्याच्या हालचालीने किंवा शरीराच्या लयीने करायला हवे. तपासायची रीत सोपी आहे: आवाज पूर्ण बंद करून गाण्याचे दृश्य पाहावे, आणि पात्र गात आहे की नुसते चालत आहे हे कळत नसेल, तर ते दृश्य पुन्हा बसवावे.

दुसरी चूक लांबीची. १९८९चा ‘द लिटल मर्मेड’ ८३ मिनिटांचा होता. २०२३चा १३५ मिनिटांचा झाला. नवी गाणी घालू नयेत असे मी म्हणणार नाही. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या १९९१च्या आवृत्तीत नायिका किल्ला सोडून जाते तेव्हा श्वापद डरकाळी फोडते, आणि रेखाटलेल्या त्या चेहऱ्याला तेवढी डरकाळी पुरते. २०१७च्या आवृत्तीत त्याच जागी संगीतकार अ‍ॅलन मेंकन आणि गीतकार टिम राइस यांनी त्याला ‘एव्हरमोअर’ हे गाणे दिले. ते शोभते, कारण पात्राला बोलता न येणारी गोष्ट तिथे खरोखर होती. अशी जागा नसताना घातलेले गाणे कथेला थांबवून ठेवते.

गाणी माणसांच्या तोंडी येण्याचा दुसरा प्रकार म्हणजे दूरचित्रवाणीवर थेट सादर होणाऱ्या संगीतिका. त्यांचे दुखणे निराळे आहे. ५ डिसेंबर २०१३ रोजी एनबीसी या अमेरिकी वाहिनीने ‘द साउंड ऑफ म्युझिक’ प्रेक्षकांविना स्टुडिओतून सादर केले. त्याला प्रेक्षकसंख्या मोठी लाभली, पण प्रत्येक गाणे संपताच पसरणारी शांतता कानाला बोचत राहिली. संगीत नाटकात पदानंतर पडणारी टाळी आणि ‘वन्स मोअर’ ज्यांनी ऐकला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको की नटाला पुढच्या वाक्यावर येण्यासाठी ती टाळीच वाट करून देते. फॉक्स वाहिनीने ३१ जानेवारी २०१६ रोजी ‘ग्रीस’ सादर करताना प्रेक्षकांना थेट सेटवर बसवले, आणि सुरुवातीच्या गाण्यात पाऊस आला तेव्हा कलाकार छत्र्या घेऊन गात राहिले. प्रेक्षक आणणे शक्य नसेल, तर गाण्यानंतरची जागा वाद्यवृंदाने किंवा पुढच्या हालचालीने भरून काढावी. ती रिकामी ठेवू नये.

अर्धेमुर्धे रूपही टाळावे. ५ नोव्हेंबर २०१९ रोजी एबीसी वाहिनीने ‘द लिटल मर्मेड’ हा जलपरीचा मूळ चित्रपट दाखवत मधली गाणी रंगमंचावर जिवंत सादर केली. पडद्यावरचा बोलका खेकडा पाहून झाल्यावर लगेच साध्या लाल पोशाखातला गायक समोर आला, आणि तुलना अटळ झाली. एकच पात्र दोन रूपांत दाखवायचे असेल, तर पोशाखात निदान नांग्यांची तरी खूण हवी.

शेवटची काळजी सर्वांत व्यवहारी. ‘रेंट’ या संगीतिकेच्या २७ जानेवारी २०१९च्या प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी, रंगीत तालमीत एका प्रमुख नटाचे पाऊल मोडले. प्रेक्षकांसमोरची ती तालीम चित्रित केलेली असल्यामुळे बहुतेक प्रयोग त्या चित्रणावर निभावला आणि शेवटचा भाग तेवढा थेट झाला. म्हणून रंगीत तालमीला प्रेक्षक बोलवावेत, सर्व कॅमेरे आणि ध्वनिमुद्रण प्रयोगासारखेच चालू ठेवावे, आणि प्रत्येक प्रमुख भूमिकेसाठी पदे पाठ असलेला दुसरा नट विंगेत तयार ठेवावा.