शेक्सपिअर जिथे तिथे दिसतोय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या दसरा चौकात शाहू स्मारकमधून सिनेमा बघून माणसं बाहेर पडली की चहाच्या गाड्यावर एक वाक्य हमखास कानावर येतं: “भावा, हा तर डिट्टो रोमिओ-ज्युलिएट की!” बोलणाऱ्याला शेक्सपिअर आठवला ही चांगलीच गोष्ट आहे. पण चर्चा तिथेच थांबते, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तेच वाक्य चार पानं ताणलेलं असतं. साम्य दिसलं म्हणजे काम सुरू झालं, संपलं नाही. नव्या लेखकाने कथेचा कुठला सांधा उचलला आणि कुठला मुद्दाम मोडला, ते दाखवता आलं तरच प्रभावाबद्दल काही बोलता येतं.

दोन प्रेमी मेले म्हणजे रोमिओ-ज्युलिएट

ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि तिचा फटका बसतो ‘सैराट’ला (२०१६). रोमिओ आणि ज्युलिएटची वेरोना शहरातली दोन घराणी तोलामोलाची आहेत हे शेक्सपिअर पहिल्याच ओळीत सांगतो. त्यांचं वैर कशावरून, ते मात्र सांगतच नाही. आणि शेवट होतो तो पत्र न पोचल्यामुळे. ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने निपचित पडली आहे, हा निरोप घेऊन निघालेल्या साधूला प्लेगच्या संशयावरून घरात कोंडलं जातं. तो वेळेत पोचला असता तर दोघं जगली असती.

‘सैराट’मधल्या आर्ची-परश्याच्या गोष्टीत कुठलंही पत्र चुकलेलं नाही. पाटलाची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्याचा मुलगा, ही दोन घरं तोलामोलाची नाहीत हाच तिथला सगळा प्रश्न आहे. मारेकरी पत्ता काढून, आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन दारात येतात. योगायोगाच्या जागी ठरवून केलेला खून आला की शोकांतिकेचं मूळच बदलतं. या सिनेमावर ‘मराठी रोमिओ-ज्युलिएट’ असा शिक्का मारला की त्यातली जात नजरेआड होते. ती चूक मला लहान वाटत नाही.

सावकार दिसला की शायलॉक

शायलॉक म्हणजे शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला सावकार. बाबूराव पेंटर यांनी इथेच कोल्हापुरात १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. त्यात सावकार आहे, फसलेला शेतकरी आहे, पण त्याची मुळं गावाकडच्या कर्जात आणि हातून गेलेल्या जमिनीत आहेत. त्यासाठी व्हेनिसला जायची गरज नाही. आधी आपल्या मातीत कारण सापडतं का ते बघावं.

शेक्सपिअरच्याही आधीचं विसरणं

जुळ्यांचा गोंधळ शेक्सपिअरने शोधलेला नाही. त्याच्याही कितीतरी शतकं आधी रोमन नाटककार प्लॉटसने त्यावर नाटक लिहिलं होतं. पण प्लॉटसच्या त्या नाटकात जुळ्यांची एकच जोडी आहे. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये शेक्सपिअरने जुळ्या नोकरांची दुसरी जोडी घातली. ओळखायची खूण ही. ‘अंगूर’मध्ये (१९८२) संजीव कुमारही दोन आणि देवेन वर्माही दोन, म्हणून तिथे शेक्सपिअरचं नाव घ्यायला बळ मिळतं. नुसती एक जोडी हरवली-सापडली असेल तर हात आखडता घ्यावा.

मधला दुवा गाळणं

२०१६चा ‘नटसम्राट’ सिनेमा थेट ‘किंग लिअर’वरून आला असं लिहिलेलं वाचलं की वाईट वाटतं. मधे शिरवाडकर आणि त्यांचं ‘नटसम्राट’ नाटक उभं आहे. २३ डिसेंबर १९७० रोजी डॉ. श्रीराम लागू यांनी पहिल्यांदा उभा केलेला त्या नाटकाचा नायक, म्हातारा नट बेलवलकर, मधे आहे. त्याच्याही मागे आगरकरांचं ‘विकारविलसित’ (१८८३), देवलांचं ‘झुंझारराव’ (१८९०) अशी मराठी हॅम्लेट-ऑथेल्लोची परंपरा आहे. शिरवाडकरांनी स्वतः मॅकबेथवरून ‘राजमुकुट’ लिहिलं होतं. लेखकाने मूळ नाटक नक्की वाचलं होतं याचा असा पुरावा मिळाला, की मग खुशाल तुलना करावी.

तीही बारकाईने. हयातीत वाटणी, मग मुलांच्या घरात होणारी अडचण, मग बेघर होणं, हे सांधे लिअरचे आहेत. पण लिअरला तीन मुली. बेलवलकरांना एक मुलगा, एक मुलगी. लिअरकडे खरं बोलणारी कॉर्डेलिया आहे, इथे तशी मुलगी नाही. लिअरची राणी रंगमंचावर येतच नाही. इथे बेलवलकरांची बायको कावेरी आहे, आणि अपमानाचा प्रत्येक घोट ती बरोबरीने पिते. राजाला मुकुट गेल्याचं दुःख, या म्हाताऱ्याला घर गेल्याचं. शेवटी सोबतीला राजा नावाचा बूट पॉलिश करणारा मुलगा येतो. लिअरच्या विदूषकाची जागा त्याने घेतली, असं मला वाटतं. कावेरीबद्दल एक परिच्छेद लिहिता आला नाही तर तुलना अपुरी समजावी.

फक्त कथानक जुळवत बसणं

वस्तू आणि भविष्यवाणी यांच्याकडे बघा. ऑथेल्लोतला रुमाल ‘ओंकारा’त (२००६) कमरबंद होतो. त्यातल्या लंगडा त्यागीच्या मनात विष पेरलं जातं तेही ऑथेल्लोतल्या खलनायकासारखं, इयागोसारखंच, हक्काची जागा दुसऱ्याला दिली गेली म्हणून. मॅकबेथवरून काढलेल्या ‘मकबूल’मध्ये चेटकिणींच्या जागी दोन पोलीस कुंडली मांडतात, मॅकबेथवर जंगल चालून येतं, तर इथे समुद्र घरी येण्याचं भाकीत होतं. मुंबईच्या गुन्हेगारी जगाला जंगलापेक्षा समुद्रच शोभतो, आणि विशाल भारद्वाज यांचं वाचन किती खोल आहे ते या एका बदलात कळतं.

शेवट न तपासणं

हॅम्लेटवरून काढलेल्या ‘हैदर’ची (२०१४) तुलना बहुतेक जण काकाच्या पापापाशी थांबवतात. हॅम्लेटची आई नकळत विषाचा प्याला पिते. हैदरची आई गझाला मात्र स्वतःच्या निर्णयाने मरते, आणि हैदर काकाला न मारता निघून जातो. सूडाचं नाटक इथे सूड नाकारतं. काश्मीर कळल्याशिवाय हा शेवट उलगडत नाही.

अडलात तर काय करायचं? इंग्रजी जड जात असेल तर विंदा करंदीकरांनी केलेला ‘राजा लिअर’चा अनुवाद मिळवा. १८५० पासून चालत आलेल्या आपल्या करवीर नगर वाचन मंदिरात आधी चौकशी करा. त्या अनुवादातला पहिला प्रवेश आणि ‘नटसम्राट’चा पहिला अंक एकाच बैठकीत वाचा. वहीत दोन रकाने आखा. वाटणी कोण जाहीर करतं, त्या बदल्यात मुलांकडून काय मागतं, आणि त्या क्षणी गप्प कोण बसतं, एवढंच टिपा. प्रोजेक्टचं पहिलं पान त्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरापासून सुरू करा.