किनाऱ्यावर मिळालेला गुंडाळीवाला दगड अमोनाइट आहे का, कसं ओळखायचं

सुट्टीत गुहागर-हर्णैला जाऊन आलं की ग्रुपवर एकतरी फोटो पडतोच, "अमोनाइट सापडला!!" (अमोनाइट म्हणजे गुंडाळी कवचाचा, कधीच नामशेष झालेला समुद्रातला प्राणी, आता फक्त जीवाश्म मिळतात). तर मंडळी, आकार नंतर बघा, आधी दगड कुठला ते बघा. कोकणातला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा, आणि जांभा बहुतेक ठिकाणी त्याच्याच झिजेतून झालेला, मग त्यात समुद्रातला प्राणी कुठून येणार? कातळावर गोल कडी दिसतात ती दगडाचे पापुद्रे सुटतात त्याची, नाहीतर पोकळीत साचलेल्या गारगोटीचे पट्टे असतात. करलमध्ये शंख-शिंपले भरपूर दिसतात हे खरं, पण करल म्हणजे किनाऱ्यावरचीच वाळू चिकटून झालेला दगड, अगदी अलीकडचा, आणि अमोनाइट तर डायनासोरबरोबरच संपले.

सुटा शंख असेल तर टेबलावर ठेवा. गुंडाळी वर टोकाकडे चढत गेली की साधा गोगलगायीच्या कुळातला शंख. बहुतेक अमोनाइटची गुंडाळी एकाच पातळीत असते, दोन्ही बाजूंनी सारखी. मग तुटलेल्या जागी आत बघा, शंखाची नळी सलग मोकळी असते, अमोनाइटमध्ये आडव्या भिंती घालून खोल्या केलेल्या असतात, प्राणी राहायचा फक्त शेवटच्या खोलीत आणि मागच्या खोल्यांमधे गॅस, म्हणून तो तरंगायचा. या सगळ्या खोल्यांतून एक बारीक नळी जाते, अमोनाइटमध्ये ती बहुतेक वेळा बाहेरच्या कडेला, नॉटिलसमध्ये (तसाच गुंडाळी कवचाचा, पण आजही समुद्रात असलेला प्राणी) साधारण मधोमध.

पण खरी खूण म्हणजे शिवण. वरचं कवच झिजलं की आतल्या भिंती जिथे कवचाला टेकतात तिथे रेष दिसते, नॉटिलसची साधी वळणदार, अमोनाइटची मात्र कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी कातरलेली. एकदा नीट बघितली की परत विचारावं लागत नाही.

बघायला लांब जायलाच हवं असं नाही, देवघरात शाळीग्राम असेल तर तोच घ्या (आजीला विचारून हां, सोवळ्यात हात लावू नका). शाळीग्राम नेपाळच्या गंडकी नदीतले, आणि त्यातल्या चक्रवाल्यांमध्ये बहुधा जुरासिक काळातला अमोनाइट किंवा त्याचा ठसा असतो. अभिषेक झाल्यावर दगड ओला असतानाच भिंग लावा, तेव्हा बरगड्यांसारख्या उभ्या रेघा उठून दिसतात. त्या सगळ्या मशीनने काढल्यासारख्या एकसारख्या खोल असतील तर मला तरी कोरकामाचा संशय येतो. शिवण दिसावी म्हणून घासत मात्र बसू नका.

आणि हो, नॉटिलसला कवच आहे म्हणून तोच जवळचा नातेवाईक असं वाटतं, पण अमोनाइटला जास्त जवळची आपली बाजारातली माकूल, म्हणजे स्क्विड.

डोंगरातला अमोनाइट बघायचा तर कच्छ किंवा तमिळनाडूतलं अरियालूर. ऑनलाइन मिळतात ते कापून पॉलिश केलेले बरेचसे मादागास्करचे, खोल्या बघायला एकदम मस्त.

फोटो टाकताना बाजूला नाणं ठेवा, वरून, कडेवरून आणि तुटलेल्या बाजूने असे तीन काढा, आणि कुठल्या दगडात मिळाला ते लिहा, नाहीतर कुणालाच सांगता येणार नाही.