बालीचे धबधबे बघायला निघालात? या चुका टाळा, दाजींनी केल्या तेवढ्या पुरे

दर वर्षी दिवाळी सरली की माझा फोन सुरू होतो. लातूर, उदगीर, अंबाजोगाई, नांदेड, कुठून कुठून माणसं विचारतात, भाऊ बालीला चाललोय, धबधबे कोणकोणते करू. "करू" म्हणतात, "बघू" नाही. मी पाच वेळा जाऊन आलोय, धंदा नाही माझा, हौस आहे, घरचे आणि दोस्तमंडळी मिळून आठ-दहा जणांना घेऊन जातो एवढंच. पण पाचही वेळा त्याच त्या चुका बघितल्या, त्यातल्या काही मी स्वतः केल्या. आता एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे फोनवर घसा कोरडा करण्यापेक्षा हेच पाठवून देता येईल.

आधी एक मान्य करू, आपण पाण्याला हपापलेले लोक आहोत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला आलेलं पाणी प्यालेलो आम्ही. आपल्याकडं धबधबा म्हणजे सौताडा, नाहीतर सहस्रकुंड, नाहीतर नळदुर्गचे नर-मादी, आणि तेही पाऊस बरा झाला तर. त्यामुळं बारा महिने धो-धो पडणारं पाणी दिसलं की माणूस खिशातला मोबाईल काढायच्या आधीच पाण्यात असतो. मला कळतं ते. पण सगळं बिघडतं ते तिथंच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डोक्यावर ऊन आहे तर पाणी वाढणार नाही असं धरून चालणं. हे मी सविस्तर सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा, कारण बाकी चुकांनी पैसे जातात, हिच्यात माणूस जातो.

जानेवारीतली गोष्ट. आम्ही ११ जण, बालीतल्या उबुद गावाहून सकाळी निघालो आणि एका अरुंद घळीतल्या धबधब्याला पोचलो. नाव सांगत नाही, कारण चूक जागेची नव्हती, आमची होती. दोनशेच्या आसपास पायऱ्या उतरून खाली, मग पाण्यातूनच शंभर पावलं चालत आत. पाणी घोट्याएवढं, काचेसारखं स्वच्छ, वर झाडांच्या फटीतून ऊन. सगळ्यांच्या चपला एका मोठ्या दगडावर रचून ठेवल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा, वर एक बॅग, बॅगेत दोन मोबाईल. आमचे दाजी थेट धारेखाली, भाचा रील काढायला, वहिनी आणि मावशी काठावर धपाटे सोडून बसलेल्या. बरोबर साठीचा एक गाईड होता, लुंगीसारखं गुंडाळलेला, कानामागं फूल. तो पाण्याकडं बघत बसला होता. आम्ही धबधब्याकडं बघत होतो आणि तो पायाजवळच्या पाण्याकडं, हा फरक मला तेव्हा कळला नाही.

थोड्या वेळानं पाण्यावर पानं यायला लागली. नुसती वाळकी पानं आणि बारीक काड्या. मग पाण्याचा रंग बदलला, पहिल्या उकळीच्या चहासारखा. म्हातारा एकदम उठला आणि ओरडायला लागला, "बांजिर! बांजिर! नाइक, नाइक!" आमच्यात नाईक आडनावाचं कुणी नव्हतं. भाचा म्हणला, मामा, हे कुणाला बोलवायलेत? तोवर त्यानं मावशीचा दंड धरून तिला ओढायला सुरुवात केली होती. बांजिर म्हणजे पूर आणि नाइक म्हणजे वर चढा, हे मला गाडीत बसल्यावर ड्रायव्हरकडून कळलं. दाजींना बाहेर काढायला दोघं लागले, त्यांचं एकच चालू, "आरं वर ऊन पडलंय की, कशाचा पूर यायलाय!" घोट्याचं पाणी गुडघ्याच्या वर यायला पाच-सात मिनिटं लागली असतील, जास्त नाही. ती शंभर पावलं आम्ही हाताला हात धरून आलो आणि पायऱ्यांवर चढून मागं बघितलं तर चपलांचा तो दगडच दिसत नव्हता. अकरा जोड, बॅग, दोन मोबाईल, धपाट्यांचा डबा, सगळं गेलं. दोनशे पायऱ्या अनवाणी चढलो. वर आल्यावरही ऊनच होतं.

आमच्यातले एक रिटायर्ड सर, भूगोल शिकवायचे, दम खात बसले आणि म्हणले, पाऊस नाशिकला पडतो, पाणी पैठणला येतं, आपणच विसरलो राव. झालं, ह्याच्यापुढं मला समजावून सांगायची गरज नाही. जायकवाडी भरताना पैठणला ढगही नसतो कधीकधी, हे आपल्या पोराबाळांना माहितीय. बालीतही तेच, फक्त अंतर कमी. बेटाच्या मधोमध ज्वालामुखींचे डोंगर, त्यातला आगुंग ३,००० मीटरच्या वर, आणि तिथून नद्या उत्तरेला नाहीतर दक्षिणेला सरळ समुद्राकडं पळतात. नदीला तिथं तुकाड म्हणतात. जमीन ज्वालामुखीच्या राखेची, मऊ, त्यामुळं नद्यांनी खोल आणि अरुंद घळी कापल्यात. आपल्या गोदावरीसारखं पात्र पसरट असतं तर पाणी आडवं पांगलं असतं, इथं त्याला जायला जागाच नाही, मग ते उभं वाढतं. नाशिकचं पाणी यायला वेळ लागतो, मधे धरणं आहेत, दारं उघडायच्या आधी भोंगा वाजतो. इथं वर डोंगरात दुपारी ढग फुटला की तासाभरात, कधी त्याच्याही आत, पाणी तुमच्या पायाशी. आणि धबधब्याच्या आवाजात वरची वीज कडाडलेली ऐकूसुद्धा येत नाही.

तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो, पुस्तकातलं नाही, माझी सवय आहे. पोचल्यावर पाण्याजवळचा एक अर्धा बुडालेला दगड हेरून ठेवतो आणि दर दहा मिनिटांनी त्याच्याकडं बघतो. दगड बुडाला, पाणी गढूळ झालं, पानं-काड्या यायला लागल्या, नाहीतर आवाज जाड झाला, ह्यातलं काहीही एक झालं की कुणाला विचारायचं नाही, निघायचं. चपला-बॅगा ज्या बाजूनं परत जायचंय त्या बाजूला आणि उंचावर. घळीच्या आतले धबधबे सकाळीच, दुपारनंतर नाही. आणि गाईड उठला की आपणही उठायचं, फोटो राहिला तर राहिला. बायका-पोरं बरोबर असतील आणि पाण्यातून आत जावं लागत असेल तर जानेवारीत मी आता बाहेरूनच हात जोडतो. भित्रा म्हणा.

ह्याचंच सख्खं भावंड म्हणजे चुकीचा महिना. आपल्या डोक्यात डिसेंबर-जानेवारी म्हणजे गुलाबी थंडी, कोरडी हवा, हनिमून. बाली विषुववृत्ताच्या खाली आहे, तिथं नोव्हेंबर ते मार्च पावसाळा आणि ऐन जोर डिसेंबर-जानेवारीत. एप्रिलनंतर कोरडं. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी तिथं एकदम बेस्ट. लोक म्हणतात मग धबधब्याला पाणी कुठलं? अहो असतं. डोंगरात जंगल आहे, झरे आहेत, धार थोडी बारीक होते पण पाणी नितळ असतं. पावसाळ्यात तुम्ही जो फोटो बघून जाता तो निळा-हिरवा डोह तिथं नसतोच, चहाचं पातेलं असतं.

आता दुसरी, माझ्या डोक्यात जाणारी चूक. शॉर्टकट.

जवान पोरांना पायऱ्यांनी जायला लाज वाटते का काय कळत नाही. मोबाईलच्या नकाशात एक बारीक तुटक रेघ दिसली की "मामा, इथून ४०० मीटरच आहे, तिकीट पण वाचतंय." आमचा भाचा, तोच रीलवाला, असाच एकदा दोन मित्रांना घेऊन भाताच्या खाचरांतून घुसला. तिथली खाचरं म्हणजे नुसतं शेत नाही, पाटाचं पाणी अख्ख्या गावानं वाटून घ्यायची शेकडो वर्षांची पद्धत आहे, सुबक म्हणतात, २०१२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. बांध वीतभर रुंदीचा, वरून ओला. हे तिघं त्यावरून चालले, एक बांध ढासळला, वरच्या खाचराचं पाणी खालच्यात, रोपं आडवी. आणि एवढं करून पोचले कुठं तर दरीच्या कड्यावर. धबधबा समोर दिसतोय, आवाज येतोय, मधे साठ-सत्तर मीटर खोल दरी. नकाशाला खोली कळत नाही बाळांनो. खाली उतरायला रस्ता नाही म्हणून परत त्याच बांधावरून, आणि तिथं शेताचा मालक उभा. तो ओरडला नाही, शिव्या नाही, काही नाही. खाली वाकून हातानं चिखल उचलायचा आणि बांध लिंपायचा, परत वाकायचा. भाचा शेतकऱ्याचाच पोरगा. आपल्या सोयाबीनमधून कुणी मोटरसायकल घातली असती तर ह्याचा बाप काय करता, मी विचारलं. गप बसला. मग तिघंही अर्धा तास त्याला चिखल उपसू लागले, ते एक बरं केलं.

तर, ठरलेली वाट सोडायची नाही. गावानं वाट बांधलीय, पायऱ्या झाडतात, रोज त्यावर केळीच्या नाहीतर नारळाच्या पानाच्या द्रोणात फुलं ठेवतात देवाला, त्याचे चार पैसे मागतात, द्यायचे. ते द्रोण पायदळी घालू नका, एवढंही सांगावं लागतं.

पण पैसे कुठं द्यायचे तेही बघा. उत्तरेकडच्या एका मोठ्या धबधब्याच्या अलीकडं एक-दोन किलोमीटरवर एका टपरीवाल्यानं आमची गाडी हात करून थांबवली, टेबल, पावती बुक, सगळं थाटात, म्हणे गाईड इथूनच सक्तीचा. दिले आम्ही. पुढं गेल्यावर खरं तिकीटघर लागलं, परत दिले. आता मी ड्रायव्हरला आधीच सांगतो, वाहनतळ येईपर्यंत गाडी थांबवायची नाही, कुणीही हात केला तरी. आणि नोटेवरची शून्यं नीट मोजा. एक लाख रुपिया म्हणजे आपले पाचशेच्या थोडे वर. घाईत दहा हजाराच्या ठिकाणी लाखाची नोट देणारी माणसं मी बघितलीत, त्यात बँकेतले एक साहेब होते.

चढ-उताराचं गणित उलटं आहे. किल्ल्याला आधी चढ, थकला की परत फिरता येतं. इथं तुळजापूरसारखं, आधी उतरून खाली आणि दर्शन झाल्यावर चढ. फक्त तुळजापूरच्या मानानं कैक पट. नुंगनुंग नावाचा धबधबा आहे, त्याला पाचशेच्या आसपास पायऱ्या, उभ्या. उतरताना सगळे गाणी म्हणत जातात. गुडघेदुखी असलेल्या काकांना वरच्या चहाच्या टपरीवर बसवा, त्यांना पण आवडतं ते.

एका दिवसात चार धबधबे करू नका. समृद्धीवर गाडी पळवायची सवय झालीय आपल्याला, तिथं ६०-७० किलोमीटरला दोन-अडीच तास जातात, आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला अंधार, झाडीत तर पाचलाच. दोन पुरेत.

पायात काय घालावं ह्यावर मी भांडू शकतो. क्रॉक्स नको, नवे कोरे पांढरे बूट तर नकोच. पट्ट्याची रबरी सँडल, आणि शेवाळ जास्त असेल तर त्याच्यावरून जुने जाड मोजे चढवायचे. हसतात लोक, हसू द्या, शेवाळावर नुसत्या रबरापेक्षा मोजा धरतो.

मुख्य धारेच्या बरोबर खाली उभं राहू नका, पाण्याबरोबर दगड-लाकडंही येतात. खोली माहीत नसताना उडी मारू नका, हे सहस्रकुंडाला दरवर्षी सांगून झालंय. माकडांसमोर पिशवी उघडू नका. माकडानं किंवा कुत्र्यानं ओरखडलं-चावलं तर साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना, बालीत २००८ पासून रेबीज आहे, हळद लावून गप बसू नका. अंगावर जखम असेल तर गढूळ पाण्यात उतरू नका, आणि परत आल्यावर एक-दोन आठवड्यांनी ताप आला तर डॉक्टरला आपण होऊन सांगा की ओढ्या-धबधब्यात पोहून आलोय. नाहीतर इथं डेंग्यू-मलेरियाच शोधत बसतात आणि लेप्टोचं, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचं, कुणाच्या मनातच येत नाही. लायसनशिवाय स्कुटी घेऊ नका, पडलात तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच विचारतात.

आणि शब्द चारच पाठ करा. बांजिर, नाइक, हे आता कळले. लिचिन म्हणजे निसरडं, पाटीवर लिहिलेलं असतं. हाती-हाती म्हणजे हातात हात नाही, जपून.

दाजींनी त्या दिवसानंतर वर्षभर पाण्याचं नाव काढलं नव्हतं. परवा फोन आला, नाताळच्या सुट्टीत परत जायचं का, पोरं मागं लागलीत. मी म्हणलं, मे मध्ये चला. तर म्हणे, मे मध्ये कसं जमतंय, लग्नसराई असते.