नागपूरच्या गल्लीत कॅमेरा काढण्याआधी या चुका टाळा

१७ मार्च २०२५ च्या रात्री महाल आणि हंसापुरीत दंगल झाली. ११ पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, ती पूर्ण उठायला २३ तारीख उजाडली. तेव्हापासून रविवारी सकाळी महालात फिरताना गळ्यात महागडा कॅमेरा लटकवलेली नवीन मुलं भेटतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, गाड्या कुठे जळल्या होत्या?" या मुलांना मी जे सांगत आलोय, तेच इथे लिहितो.

जळकं तेवढंच शोधू नका. जळालेल्या मोटारसायकलचा सांगाडा कुठल्याही शहरातला असू शकतो, त्यात नागपूर कुठे आहे? संचारबंदी उठली आणि आठवडाभरातच ३० तारखेला गुढीपाडवा, ३१ ला ईद. इतवारीत एका हातगाडीवर साखरेच्या गाठी टांगलेल्या, दोन पावलांवर शेवयांचे ढीग, आणि बाया दोन्हीकडे भाव करत होत्या. आठ दिवस बंद असलेल्या दुकानाची फळी पुसणारा माणूस, तर्रीपोह्याच्या ठेल्यावर पुन्हा जमलेले रोजचेच चार जण, बडकस चौकात पेपरचे गठ्ठे सोडणारी पोरं. दंगलीने या शहराचं काय हिरावलं होतं, हे मला तिथे दिसलं. तोवर बाकीचे कॅमेरे घरी गेले होते.

संचारबंदीत कॅमेरा घेऊन बाहेर पडू नका. पत्रकाराचं काम वेगळं, तुमच्या-माझ्या हौसेसाठी बंदोबस्तावरच्या शिपायाशी वाद घालण्यात काही अर्थ नाही. आपल्या गच्चीवरून, खिडकीतून जे दिसतं ते टिपा.

दुपारी बारा ते चार फिरू नका. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ वर गेला होता. उन्हाळ्यात मी साडेपाचला निघतो आणि आठला घरी. आणि कॅमेरा ॲक्टिव्हाच्या डिकीत ठेवून बाजारात जाऊ नका.

सगळं काळं-पांढरं करायची घाई कशाला? संत्र्याच्या ढिगाचा, गोकुळपेठेतल्या भाजीचा, दीक्षाभूमीवर येणाऱ्या पांढऱ्या साड्यांच्या निळ्या काठांचा रंग काढून घेतला म्हणजे फोटो गंभीर होतो, हे मला पटत नाही. बरेचदा तो फसलेला उजेड लपवण्याचा सोपा मार्ग असतो.

मोमिनपुऱ्यात फक्त रमजानात आणि महालात फक्त रामनवमीला जाणाऱ्यांबद्दल मला खरंच वाईट वाटतं. मोमिनपुऱ्यातला माणूस वर्षभर मुलाला शाळेत सोडतो, पंक्चर काढतो, गॅसच्या सिलिंडरसाठी फोन करतो. ते दिवस तुमच्याकडे नसतील, तर तुमच्याकडे फक्त सणाची गर्दी आहे. तीच गोष्ट महालाची.

लांबच्या लेन्सबद्दलही तेच. गच्चीवरून ७०-२०० लावून टिपलेला माणूस तुमच्याशी बोललेला नसतो. मी ३५ मिलिमीटर वापरतो, म्हणजे चार-पाच पावलांवर उभं राहावंच लागतं. समोरचा विचारतो, "काऊन काढून राहिले फोटो?" उत्तर द्यावं लागतं. तो नको म्हणाला की कॅमेरा खाली. एका गल्लीत पहिले दोनतीन महिने मी चहा पिण्याशिवाय काही केलं नाही, तरी चाललं. एका सकाळी दोनशे फोटो काढून परत न येणाऱ्यांना हे सांगून उपयोग होत नाही, पण सांगतो.

आता ती चूक, जिच्यासाठी मुळात हे लिहायला बसलो. ती मी स्वतः केली आहे.

२०१९ ची मारबत. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे, म्हणजे वाईट गोष्टींची खिल्ली उडवणारे पुतळे, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गजर, आणि शेवटी दहन. त्या दहनाच्या वेळी मी एक फोटो काढला. मागे काळा धूर, पुढे हात उंचावून ओरडणारी पोरं, आणि अगदी समोर एक तरुण, तोंड उघडं, मूठ वळलेली. फोटो छान आला म्हणून पूर्ण आकारात टाकला, कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव. खाली ना तारीख, ना मारबतीचा उल्लेख. नागपूरकरांना कळेलच, असं वाटलं.

मार्च २०२५ मध्ये तो फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागला. कोपरा कापलेला, वर लिहिलेलं "दंगेखोर ओळखा". तो तरुण एका वेल्डिंगच्या दुकानात काम करत होता. मालकाने त्याला काही दिवस येऊ नको म्हणून सांगितलं. त्याचा मोठा भाऊ मला शोधत घरी आला. आवाज न चढवता म्हणाला, "भाऊ, तुमचा फोटो आमाले लय महाग पडला." त्यावर मला काहीच बोलता आलं नाही.

मूळ फाइल माझ्याकडे होती, म्हणून निभावलं. त्या दिवशीचे आधीचे-नंतरचे चाळीस फोटो होते. त्यांत मारबतीचा पुतळा दिसत होता, कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख होती. ते सगळं पेनड्राइव्हवर घेऊन मी त्या भावासोबत पोलीस ठाण्यात गेलो, मग मालकाकडे. मालक भला माणूस, त्याने त्याच संध्याकाळी पोराला बोलावून घेतलं. फॉरवर्ड मात्र आणखी महिनाभर येतच राहिलं.

यात एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली तारीख आणि जागेची माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. म्हणजे फिरत्या फोटोला स्वतःची तारीख उरतच नाही, कुणीही त्यावर हवी ती तारीख चिकटवू शकतो.

तेव्हापासून माझ्या सवयी बदलल्या. गर्दीच्या फोटोवर सण, महिना आणि वर्ष ठळक लिहितो, आणि कोपऱ्यात न लिहिता मधोमध खाली, कापलं तर फोटोच तुटावा असं. त्याने चित्र थोडं बिघडतं, बिघडू द्या. संतापलेला एकटा चेहरा गर्दीतून वेगळा कापून पोस्ट करत नाही. ज्या जागी काढला तिथून लगेच टाकत नाही, किमान आठ दिवस थांबतो. लहान मुलांचे चेहरे आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीत. आणि वाईट फोटोसुद्धा पुसत नाही. फसलेले म्हणून उडवले असते, तर त्या चाळीस फोटोंतले पस्तीस माझ्याकडे उरले नसते. दोन हार्डडिस्क ठेवतो, एक घरी, एक बहिणीकडे मानेवाड्याला.

प्रिंट द्यायला विसरू नका. चार बाय सहाचा प्रिंट स्वस्तात होतो आणि लोक तो वर्षानुवर्षं गल्ल्यामागे लावून ठेवतात. त्या वेल्डिंगवाल्या तरुणालाही मी गेल्या दिवाळीत एक नेऊन दिला : दुकानाच्या दारात उभा, चष्मा कपाळावर सरकवलेला, हातात चहा. मागे सवयीप्रमाणे तारीख लिहिली. त्याने आधी ती वाचली आणि मगच फोटो उलटून पाहिला.